चौदा की अठरा

सहा महिने हाच घोळ.
उद्यमबागेत लेथपुढं उभा असतो,
चकात बुश फिरतोय,
आणि मी मनात होडी कापतोय.
चौदा फूट. अठरा. चौदा.
जन्मभर सूत-दोन सुतांवर भांडलो,
आता चार फूट म्हणजे किती, तेच कळेना.

जुनी चौदाची. जोडहोडी,
दोन बारीक अंगं, मधे ताणलेली जाळी,
गोव्याच्या कुठल्याशा हॉटेलानं टाकून दिलेली.
टेम्पोवर बांधून चोर्ल्यातून आणली तेव्हा
कणकुंबीच्या नाक्यावर पोलिसानं शिट्टी मारली.
टेम्पोभोवती एक फेरी घातली.
"नीरु एल्लि?"
पाणी कुठाय, हा प्रश्न बरोबरच होता.
म्हटलं, हिडकलला.
तो हसला, दोर जरा ओढून बघितला, सोडलं.

हिडकलचं पाणी म्हणजे समुद्र नव्हे.
समुद्राची लाट म्हणे लांब असते,
दम घेऊन येते.
इथली आखूड, चिडकी.
घटप्रभेच्या खोऱ्यातून वारा घुसला
की पत्र्यावर हातोडी चालल्यासारखी
टपाटप, टपाटप,
एका लाटेवरून नाळ उतरते न उतरते
तोवर दुसरी तोंडात.

गेल्या श्रावणात डावं नाक असंच खुपसलं.
मागची बाजू वर,
आणि मी, खरंच सांगतो, शिडावरून उडालो.
बुडालेल्या देवळाच्या वर कुठंतरी
होडी पालथी,
डोलकाठी खाली शिखर चाचपायला निघालेली.
दोर धरून मागं झुकलो, बासष्ट किलो.
हलली.
थांबली.
परत झोपली.
दोन तासांनी बसवण्णी आपलं जाळं सोडून आला,
शेपटाकडनं खेचत मला म्हणाला,
"एकटाच काय करूलालास रे पाण्यात?"

अठरा फुटी गेली असती त्यातनं.
लांब होडी दोन लाटांवर एकदम पाय टाकते,
नाकात भरपूर हवा, सहजी खुपसत नाही.
वास्कोचा पेद्रू डिमेलो फोनवर म्हणतो,
घे रे बाबा, शीड नवं आहे, दोर नवे.
पैसे आहेत.
ट्रेलर मीच वेल्ड करीन,
जागा बसवण्णीच्या खोपटामागं.

फक्त ती पालथी झाली
तर उभी करायला दीडशे किलो लागतात.
पेद्रू हे शेवटी सांगतो, हळू आवाजात,
गाडीचा अपघात लपवावा तसं.

दीडशे वजा बासष्ट.
अठ्ठ्याऐंशी.
अठ्ठ्याऐंशी म्हणजे मोनाप्पा हलगेकर.

पलीकडच्या शेडात स्प्रिंगा वळतो.
वाटणी झाली तेव्हा मधली भिंत
आम्ही दोघांनीच बांधली,
एकाच घमेल्यातलं सिमेंट घेत,
ओळंबा त्यानं धरला, थापी मी.
सरळ आलीय भिंत. कुणीही बघावं.
चार वर्षं झाली.
त्याचं मशीन सुरू झालं
की माझ्या चहात गोल तरंग उठतात.

काल भंगारवाल्याच्या काट्यावर चढलो.
बासष्ट.
मग मोठा पाना हातात घेऊन चढलो.
पासष्ट.
भंगारवाला म्हणाला, पाना विकूलालास काय?

आज दुपारी लाइट गेली.
दोन्ही शेडं गप्प.
त्याच्याकडं स्टुल सरकल्याचा आवाज,
डब्याचं झाकण.
पाना उचलला,
भिंतीवर दोन ठोके दिले.
बऱ्याच वेळानं, "काय पायजे?"

"वजन किती रे तुझं सध्या?"

लाइट यायला हवी होती त्या वेळी.
आली नाही.

"पंच्याऐंशी," भिंत म्हणाली. "का?"

तीन किलो कमी.
पाना हातातच होता.
म्हटलं,
"जेवत नाहीस की काय नीट?"